घुंगूरपट्टी

तोफ झाली की लाकडी पुलाच्या मधल्या नऊ फळ्या काढतात
आणि पुणं आतून कडी लावून घेतं.
वैशाखात मात्र मुठा घोट्याएवढी होते.
फळ्या काढल्या काय, ठेवल्या काय.

तापाने गेलेला माणूस चितेपर्यंत थांबत नाही.
तिरडीवरच उठतो,
खांदेकऱ्याच्या मानेकडे वळतो.
म्हणून हुकूम आहे : श्वास थांबला की
पाणी नंतर, तुळस नंतर,
आधी उजव्या अंगठ्याला घुंगरू.
दर मढ्यामागे दोन रुके, चावडीत रोख.
पट्टी बसली तेव्हा पेठांनी जो ओरडा केला
तेवढा मढी उठली तेव्हाही केला नव्हता.

आम्ही तांबट. हंडे, घंगाळी, कळशा.
घुंगरं ओतणं कासारांचं, असा कासारांनी अर्ज दिला.
निकाल लागायच्या आत अर्जदार उठून गेला,
खरोखरच उठून गेला,
आणि साचे आमच्या आळीत आले.

शास्त्री सात दिवस भांडले.
उठलेल्याचं सुतक किती?
बायकोने कुंकू पुसायचं की राखायचं?
दुसऱ्यांदा मेला तर श्राद्ध कुठल्या तिथीला?
शेवटी कारकून त्रिंबक खांडेपारकर
जेवणाची वेळ टळत होती म्हणून
वहीत एक शब्द लिहून मोकळा झाला : तहकूब.
नवरा चुन्याच्या भट्टीत जाईपर्यंत बाई तहकूब.
कसब्यात आम्ही एकोणतीस आहोत.
हळदीकुंकवाला बोलावणं येतं;
करंडा आमच्यापाशी आला की जरा घुटमळतो,
मग पुढच्या बाईकडे सरकतो.

घुंगरू वाजलं की वेसकराने जायचं,
लांब काठीच्या आकड्यात मान धरायची
आणि भट्टीकडे न्यायचं.
कुंभारवेशीला भागनाक होता.
वेस लागते तेव्हा तो बाहेरच्या अंगाला असतो.
हे कुणी ठरवलं, ते दफ्तरात सापडत नाही.

माझा माणूस फाल्गुनात गेला.
त्याचं घुंगरू मी ओतलं.
पितळ चांगलं, कडी घट्ट, वर चावडीचा शिक्का.
आत खडा घातला नाही.

आमचं दुकान गावकुसाला टेकून.
भिंतीत मोरी, मोरीला जाळी.
रात्री तो जाळीपलीकडे वाकून उभा राहायचा, मी ठोकत बसायची.
ठोका चुकला की मान हलवायचा,
जिता असताना हलवायचा तशीच.
मधे लोखंड होतं. एवढी शहाणी मी होते.

पण लोखंड माझ्यापुरतं होतं.
चैत्राच्या अवसेला तो वेशीकडे गेला.
भागनाकाचे कान असे
की पाचोळ्यातला उंदीर कुठे वळला ते सांगायचा.
त्याला काहीच ऐकू आलं नाही.

कोंडाई पदराच्या गाठीत दोन रुके घेऊन आली.
"मोठ्याने वाजणारं द्या," म्हणाली.
"जन्मभर हाकारे देत आला. मुका नको जायला."
मी दोन खडे घातले. रुके परत केले.
"घ्या," ती म्हणाली, "फुकटचं घुंगरू वाजत नसतं."

भागनाक उठला आणि कुठेही गेला नाही.
वेशीबाहेर त्याच वीस पावलांत
हातात आकडा घेऊन इकडून तिकडे.
बाकीचे त्या आवाजाला बिचकून लांब राहतात.
कोतवाल म्हणाला, राहू दे,
असा वेसकर पुन्हा मिळायचा नाही.
पगार बंद, कारण मयत.
कोंडाईचं कुंकू तहकूब, कारण फिरता.
खांडेपारकराने दोन्ही ओळी एकाच पानावर लिहिल्या
आणि वर वाळू शिंपडली.

तिचं घर वेशीबाहेर.
म्हणून हल्ली ती रात्री माझ्या ओट्याखाली निजते.
निजते कसली, मोजते.
वीस पावलं. वळण. वीस पावलं.
काल म्हणाली,
"तुमच्या धन्याचं घुंगरू कधी ऐकलं नाही, बाई.
भट्टीत गेले का?"

मोरीपाशी माती जराशी ढासळली.
मी हातोडी उचलली.
हंड्याचा काठ तसाही राहिलाच होता.